धुळ्यात जुना वाडा विकला गेला, भाडेकरूंना खाली करायला सांगताहेत, मावशींनी अकरा महिन्यांचा करार करावा का?

पांझराकाठचा:

राम राम मंडळी. पोस्ट मोठी होणारे, सांभाळून घ्या.

धुळ्यात जुन्या गावात आमच्या घराला लागून एक धाब्याचा वाडा आहे, गल्ली नंबर मुद्दाम सांगत नाही. सागाचे खांब, अर्ध्यावर धाबं, अर्ध्यावर नंतर टाकलेले पत्रे, सात खोल्या सात बिऱ्हाडं आणि संडास एकच. जुन्या मालकांची पोरं पुण्याला सेटल झालीत, त्यांनी दिवाळीच्या आधी वाडा विकून टाकला. नवा मालक प्लॉटिंगवाला आहे, त्याला खाली दुकानं आणि वर फ्लॅट काढायचेत. त्याने एकेकाला ऑफिसला बोलवून गोड बोलून सांगितलं की पन्नास हजार घ्या आणि संक्रांतीच्या आत खोली सोडा, आणि ज्याला सोडायची नाही त्याने दोन हजार भाड्याने अकरा महिन्यांच्या करारावर सही करा, म्हणजे सगळं कायदेशीर होईल. सोबत एक कागद दाखवतो की इमारत धोकादायक आहे, उद्या काही पडलं तर मी जबाबदार नाही.

आता त्यात एक मावशी आहेत, पासष्टीच्या पुढच्या, एकट्या. मेसमध्ये पोळ्या लाटायला जातात. भाडं महिना 90 रुपये. पावत्या सगळ्या वारलेल्या काकांच्या नावावर, लग्न होऊन इथे आल्या तेव्हापासूनच्या, पत्र्याच्या डब्यात दोऱ्याने बांधून ठेवल्यात. मुलगा सुरतला साडीच्या मार्केटात होता, त्याचा आता फोनही येत नाही. जुने मालक दर महिन्याला पावती द्यायचे, नवा मालक भाडंच घेत नाही, म्हणतो राहू द्या मावशी, कशाला नव्वद रुपये देता. मावशींना वाटतंय माणूस चांगला आहे, करारावर सही करून टाकावी, निदान अकरा महिने तरी डोक्यावर छप्पर राहील.

मला धास्ती वाटते त्याचं कारण दुसरे भाडेकरू अण्णा. आधी हमाली, आता हातगाडी ओढतात, बायको नाही, मूलबाळ नाही. त्यांनी सगळ्यात आधी वीस हजार घेऊन सही करून किल्ली देऊन टाकली. थोडे दिवस बहिणीकडे राहिले, तिथे जावयाशी पटलं नाही, पैसे दवाखान्यात आणि इकडेतिकडे गेले आणि आता एसटी स्टँडच्या बाजूला हातगाडीला साखळी बांधून तिच्यावरच झोपतात. देवपूरला रूम बघितली तर एक खोली किचनचे चार साडेचार हजार आणि डिपॉझिट वेगळं, ते कुठून देणार. थंडी तर तुम्हाला माहितीये धुळ्याची.

मावशींनी सही करावी का, आणि अण्णांना कुठे नेऊ, एवढंच सांगा.

गिरणेचा_वकील:

मी जळगावला प्रॅक्टिस करतो, रेंटच्या मॅटर बऱ्याच चालवल्यात. मावशींना आजच्या आज सांगा, कशावरच सही करायची नाही. पन्नास हजाराच्या कागदावर नाही आणि अकरा महिन्यांच्या करारावर तर अजिबात नाही.

कारण सांगतो. आत्ता त्या भाडेकरू आहेत, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 प्रमाणे, जो 31 मार्च 2000 पासून लागू आहे. भाडेकरू जोपर्यंत भाडं देतोय किंवा द्यायला तयार आहे तोपर्यंत त्याला नुसतं मालकाची मर्जी म्हणून काढता येत नाही, कलम 15 वाचा. मालकाला कलम 16 मधलं एखादं कारण कोर्टात सिद्ध करावं लागतं. पण त्यांनी त्या अकरा महिन्यांच्या करारावर, म्हणजे लीव्ह अँड लायसन्सवर, अंगठा उठवला की त्या भाडेकरू राहत नाहीत, परवानाधारक होतात, आणि मग कलम 24 लागतं. मुदत संपली की मालक कोर्टात न जाता थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो, तिथे करार हाच पुरावा, वाद घालायला जागा जवळपास नसते, आणि मुदतीनंतर जेवढे दिवस राहाल तेवढ्या दिवसांचे दुप्पट पैसे भरायचे. म्हणजे चाळीस वर्षांचा हक्क देऊन अकरा महिने विकत घ्यायचे, तेही दोन हजार रुपये महिन्याने. या गोड बोलण्यात अर्धी खान्देशातली जुनी बिऱ्हाडं गेलीत हो.

पावत्या काकांच्या नावावर आहेत त्याचं टेन्शन घेऊ नका. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत त्या वेळी राहणारं कुटुंबातलं माणूस भाडेकरू होतं, कलम 7(15) मध्ये भाडेकरूच्या व्याख्येतच आहे ते. रेशनकार्ड, मतदार यादी, लाइट बिल, काकांचा मृत्यूचा दाखला ज्यावर हाच पत्ता असेल, सगळं एका पिशवीत घालून ठेवा. मालक बदलला म्हणून भाडेकरार संपत नाही, नवा माणूस जुन्याच्या जागी येऊन बसतो, बस.

आणि ते "राहू द्या मावशी, कशाला नव्वद रुपये देता" हा चांगुलपणा नाहीये. भाडं थकलं असं पुढे दाखवायचंय. भाडं मनीऑर्डरने पाठवा, नाहीतर मालकाच्या खात्यात टाका आणि "अमुक महिन्याचं भाडं" असं लिहून स्पीड पोस्टाने पत्र धाडा, परत आलं तर पाकीट न फोडता ठेवा, ते परत आलेलं पाकीटच उद्या कामाला येतं. थकबाकीचा दावा लावायचा तर आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते, नोटिशीनंतर 90 दिवस थांबावं लागतं, आणि दावा लागलाच तरी समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत थकलेलं भाडं 15 टक्के व्याजासकट आणि खर्चासकट कोर्टात भरलं तर त्या कारणावर खाली करायचा हुकूम होत नाही. पावती देणं मालकावर बंधनकारक आहे, कलम 31.

तो धोकादायकचा कागद नेमका कोणाचा आहे? फोटो टाका, नावं झाकून. महापालिकेची नोटीस आहे की अजून काही ते त्यावर ठरेल.

वाडामालक_अमळनेर:

सगळे मालकाला व्हिलन करून मोकळे. माझाही वाडा आहे अमळनेरला, आजोबांनी भाड्याने दिलेला. 90 रुपयांत काय येतं सांगा, एक वेळची शेवभाजी येत नाही हॉटेलात. कायदा म्हणतो वर्षाला 4 टक्के वाढवा, 90 चे 4 टक्के किती, 3 रुपये 60 पैसे. 2000 सालापासून दर वर्षी न चुकता वाढवलं असतं तरी आज 240 च्या आसपास येईल, मला तेवढ्यात एक पत्रा मिळत नाही. घरपट्टी भरायची मी, धाब्यावर पावसाळ्याआधी माती टाकायची मी, भिंत पडली तर पोलीस माझ्या दारात. म्हणून मालक दुरुस्ती करत नाहीत आणि म्हणून वाडे पडताहेत, हे पण लिहा की वकीलसाहेब. भाडेकरूचे गावाला दोन मजली घर असतं आणि खोलीला कुलूप लावून चाळीस वर्षं दाबून ठेवतात असेही बघितलेत मी.

गिरणेचा_वकील:

@वाडामालक तुमचा मुद्दा खोटा नाही. 4 टक्के फारच कमी आहेत, तरी दुरुस्तीचा खर्च आणि वाढलेले टॅक्स यासाठी वेगळी वाढ कलम 11 आणि 12 मध्ये मागता येते, बहुतेक मालक मागतच नाहीत कारण त्यांना वाढ नकोय, खोली रिकामी हवीय. आणि कुलूप लावून ठेवणाऱ्यांबद्दल म्हणाल तर वापरात नसलेली खोली सहा महिने कारण नसताना बंद असेल तर तेही खाली करायचं कारण आहेच, लावा दावा, मी मालकांच्याही केसेस घेतो. पण इथे बाई त्या खोलीत राहते, रोज पोळ्या लाटून येऊन झोपते. तिचं प्रकरण वेगळं.

पांझराकाठचा:

वकीलसाहेब लाख लाख धन्यवाद. कागदाचा फोटो मिळवला, मावशींना त्याने झेरॉक्स दिली होती. वर एका प्रायव्हेट इंजिनिअरचं लेटरहेड आहे, खाली सही शिक्का त्याचाच, आणि लिहिलंय की "इमारत जीर्ण असून राहण्यास योग्य नाही". महापालिकेचं नाव कुठेच नाही, जावक नंबर नाही.

@वाडामालक दादा, तुम्ही म्हणता ते पटतं, जुने मालक खरंच चांगले होते, दर वर्षी धाब्यावर माती टाकायचे. त्यांच्याविरुद्ध काहीच नाही.

गिरणेचा_वकील:

मग ती नोटीस नाही, तो एका माणसाचा अभिप्राय आहे, मालकाने पैसे देऊन घेतलेला. धोकादायक ठरवायचं काम महापालिकेचं. आपल्याकडे इमारतींची वर्गवारी असते, सी-1 म्हणजे तातडीने रिकामी करून पाडायची, सी-2 अ आणि सी-2 ब म्हणजे दुरुस्तीची, त्यातली एक रिकामी करून आणि एक न रिकामी करता, आणि सी-3 म्हणजे किरकोळ डागडुजी. वाडा खरंच सी-1 मध्ये असेल तर जीव आधी, तिथे अडून बसू नका, हे मी भाडेकरूंना पण सांगतो. पण सी-2 ब चं घर सी-1 म्हणून दाखवायचे उद्योग चालतात, म्हणून भाडेकरूंनी एकत्र येऊन स्वतः स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करून घ्यावं आणि महापालिकेला लेखी कळवावं. सात बिऱ्हाडांत वाटून घेतलं तर परवडतं.

आणि समजा महापालिकेने पाडलाच, तरी भाडेकरूचा हक्क ढिगाऱ्याखाली जात नाही. 2014 ला सुप्रीम कोर्टाने सांगलीकडच्याच एका मॅटरमध्ये सांगितलंय, तिथे महापालिकेने जुनी इमारत पाडली होती, मालक म्हणाला इमारत नाही तर भाडेकरू कुठला, कोर्ट म्हणालं जमीन आहे ना, भाडेपट्टा जमिनीसकट असतो. तर पाडायची वेळ आलीच तर आधी प्रत्येकाच्या ताब्यात किती चौरस फूट आहे याची मोजणी करून महापालिकेकडून लेखी दाखला घ्यायचा आणि मगच कुलूप काढायचं. दाखला नाही तर नंतर नव्या बिल्डिंगच्या गेटवरचा वॉचमन पण ओळखत नाही.

मालकाला स्वतःहून नवी बिल्डिंग बांधायची म्हणून खाली करून घ्यायचं असेल तर त्यालाही कोर्टात दाखवावं लागतं की नकाशा मंजूर आहे, पैसे आहेत, आणि नव्या इमारतीत राहत्या खोल्या जुन्यापेक्षा कमी होणार नाहीत. भाडेकरूला नव्या इमारतीत जागा मागता येते, पण त्याला मुदत असते, ती चुकवू नका. खाली दुकानं वर फ्लॅट काढा हो, सात बिऱ्हाडं त्यात बसवा आणि काढा. मी अशा दोन तीन सेटलमेंट केल्यात ज्यात मालक पण खूश आणि भाडेकरू पण. पण त्या सगळ्या रजिस्टर करारावर, तोंडी एकही नाही.

पाणी किंवा लाइट तोडलं तर कलम 29, लगेच कोर्टात अर्ज. धमकावलं तर मनाई हुकमासाठी दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर. फीची काळजी नको, बाईमाणसाला उत्पन्न कितीही असो विधी सेवेचा वकील फुकट मिळतो, जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं तिथे जा किंवा 15100 ला फोन लावा.

तापीवरला_भो:

भाऊ मी काय सांगस ते आयका. त्या मायले सांगा, घर सोडानं नही. एकडाव सामान बाहेर पडनं का मंग कोनी इचारत नही. आमना गल्लीमा असंच व्हयनं.

भुसावळ_जंक्शन:

अण्णांबद्दल कोणीच बोलेना म्हणून मी लिहितो. आमचा पाचसहा जणांचा ग्रुप आहे, संस्था वगैरे काही नाही, हिवाळ्यात रात्री स्टेशनच्या बाहेर आणि बाजारात फिरतो, पांघरुणं देतो, कोणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर नेतो. त्यावरून सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे अण्णा निवाऱ्यात जायला तयार होतील असं गृहीत धरू नका. हातगाडीवाला माणूस हातगाडी सोडून झोपत नाही, ती गेली तर सकाळची कमाई गेली. भाजी मार्केटला पहाटे चारला गाडी लागते, निवारा जर गावाच्या दुसऱ्या टोकाला असेल तर तो तिथून चालत कधी येणार. लोकांना वाटतं फुकट गादी देतोय तरी जात नाहीत, दारू प्यायला मिळत नाही म्हणून जात नाहीत. काहींचं तसं असतंही. पण आम्ही ज्यांना विचारतो त्यांची कारणं अशी असतात की सामान कुठे ठेवू, बायको दुसऱ्या हॉलमध्ये आणि मी दुसऱ्या हॉलमध्ये असं नको, आधार मागतील तो हरवलाय, तीन दिवसांनी हाकलतील. त्यामुळे तुम्ही जाल तेव्हा आधी एकटे जाऊन निवाऱ्याच्या मॅनेजरला विचारा की हातगाडी आत लावता येईल का. कंपाउंडला जागा असेल आणि तो हो म्हणाला तर अर्धं काम झालं, मग अण्णांना न्या.

दुसरं, निवारा ही मेहेरबानी नाही. 2010 च्या थंडीत सुप्रीम कोर्टाने राज्यांना सांगितलं आणि नंतर राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात बेघर निवारा ही योजनाच आली. निकष असा की शहराच्या दर एक लाख वस्तीमागे शंभर माणसांचा निवारा, वर्षभर, चोवीस तास, फक्त थंडीपुरता नाही, माणशी 50 चौरस फूट जागा, पाणी, संडास, सामानाला लॉकर, स्वयंपाकाची सोय. 2011 च्या जनगणनेत धुळे शहर पावणेचार लाख होतं आणि जळगाव चार लाख साठ हजार, म्हणजे धुळ्याला पावणेचारशे आणि जळगावला साडेचारशेच्या वर माणसांची सोय पाहिजे. महापालिकेच्या एनयूएलएम, म्हणजे याच उपजीविका अभियानाच्या, कक्षात जाऊन विचारा की आपल्या शहरात किती बेड आहेत आणि आज रात्री किती रिकामे आहेत, लेखी विचारा, माहिती अधिकारात टाका. नगरसेवकाला पण हाच आकडा विचारायचा, चादरी वाटतानाचे फोटो नको म्हणावं.

तिसरं, कागद. अण्णांचा आधार वाड्याच्या पत्त्यावर असेल तर तो जपा. हरवला असेल तर निवाऱ्याच्या अधीक्षकाने किंवा नगरसेवकाने ठरलेल्या नमुन्यात दाखला दिला की पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो, हे बऱ्याच सेतू केंद्रवाल्यांनाही माहिती नसतं, नमुना प्रिंट काढून सोबत न्या. मतदान पण सुटत नाही, बेघर माणसाने मतदार नोंदणीचा फॉर्म 6 भरला की बीएलओने, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याने, रात्री त्या जागी येऊन बघायचं असतं की हा खरंच इथे झोपतो का, पत्त्याचा कागद मागायचा नाही. आमच्याकडे एका म्हाताऱ्याचं असं नाव लागलं, बीएलओ बाई नवऱ्याला घेऊन रात्री आल्या, चांगल्या होत्या बिचाऱ्या.

वय 65 च्या वर असेल तर श्रावणबाळ, खाली असेल आणि निराधार असेल तर संजय गांधी, दोन्हीत महिना दीड हजार पेन्शन, तहसील कार्यालयात. उत्पन्नाचा दाखला 21 हजाराच्या आतला लागतो. मावशींचं पण बघा, मिळत नसेल तर त्यांचाही अर्ज करा. आणि ज्येष्ठांसाठी 14567 नंबर आहे, त्यावर निवाऱ्याची माहिती पण देतात.

अजून एक, प्रश्नात नाहीये पण सांगतो. स्टँडवर एखादा माणूस स्वतःशी बडबडत, कपड्याची शुद्ध नाही असा दिसला तर त्याला हाकलू नका आणि नुसतं वडापाव देऊन पण निघू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम 100 प्रमाणे पोलिसांनी त्याला संरक्षणात घेऊन 24 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं असतं. ठाण्यात जाऊन कलम सांगितलं की साहेब लोक जरा वेगळ्या नजरेने बघतात. भुसावळला रोज कुठल्या कुठल्या राज्यातनं माणसं उतरतात गाडीतनं, कोणाची भाषा पण कळत नाही.

जळगावकर_77:

निवारा, घरकुल, सगळं कागदावर. आमच्या जळगावला नव्वदच्या दशकात झोपडपट्टीवाल्यांना हजारो घरकुलं बांधून देणार होते, थोडीच झाली, बाकीचे सांगाडे वर्षानुवर्षं बघितले आम्ही. शेवटी 31 ऑगस्ट 2019 ला तुमच्या धुळ्याच्याच स्पेशल कोर्टाने 48 जणांना शिक्षा सुनावल्या, पुढे अपिलं झाली. शिक्षा होऊन घर मिळालं का कोणाला? मावशींना घरकुलाचं गाजर दाखवू नका एवढंच माझं म्हणणं.

शिरपूरकर_ताई:

@जळगावकर भाऊ राग बरोबर आहे पण सगळीच घरकुलं तशी नसतात हो. मी ग्रामपंचायतीत ऑपरेटर होते, आमच्याकडे पावरा आणि भिल्ल समाजाच्या पाड्यांवर शबरी आणि पीएम आवासची घरं झालेली माझ्या डोळ्यांनी बघितलीत, रेतीचे भाव आणि हप्ता अडकणं हे सोडलं तर.

पण मावशींना ते आत्ता उपयोगाचं नाही हे खरं. शहरातल्या पीएम आवासमध्ये अडीच लाख मिळतात ते स्वतःची जागा असेल तर, नावावर प्लॉट पाहिजे. बांधलेला फ्लॅट घ्यायचा तर आपला हिस्सा भरावा लागतो आणि तो अडीच लाखापेक्षा बराच जास्त असतो, बँक पासष्टच्या बाईला कर्ज देत नाही. पीएम आवास 2.0 मध्ये भाड्याच्या परवडणाऱ्या घरांचा भाग आहे, एकट्या बाया आणि कामगारांसाठी तो खरं तर सगळ्यात गरजेचा आहे पण तशी इमारत आपल्या गावात उभी पाहिजे ना आधी. अर्ज भरून ठेवायला हरकत नाही, उत्पन्न तीन लाखाच्या आत आणि देशात कुठेच पक्कं घर नको, एवढं बसतं त्यांना. पण अर्ज भरला म्हणून खोली सोडायची नाही. असं करणारे लोक मी बघितलेत, यादीत नाव आलं म्हणून आधीच सामान हलवतात.

त्यांचं माहेर किंवा सासर कुठल्या खेड्यात आहे का? तिथे नाव असेल आणि जागा नसेल तर ग्रामीणच्या लाभार्थ्याला पंडित दीनदयाळ योजनेत पाचशे चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला एक लाखापर्यंत मदत असते, आणि घराला एक लाख वीस हजार. पण खेड्यात जाऊन त्या पोळ्या कोणाच्या लाटणार, हा प्रश्न उरतोच. कमाई जिथे तिथेच खोली लागते माणसाला.

वाडामालक_अमळनेर:

ताई शेवटचं वाक्य शंभर टक्के. मी मालक असून सांगतो, त्या बाईचा पगार त्या मेसपासून चालत अंतरावर राहते म्हणून परवडतो, देवपूरहून रिक्षाने आली तर महिन्याची अर्धी कमाई रिक्षात. सरकारने जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीला आम्हाला स्वस्त कर्ज द्यावं, घरपट्टीत सूट द्यावी, आम्ही पाचशे सातशेत खोल्या देऊ की. नवीन घरकुल बांधायला जेवढा खर्च आहे त्याच्या एक भागात माझ्या सगळ्या खोल्या नीट होतील. पण ते कोणी बोलत नाही, कारण त्यात उद्घाटनाची पाटी लागत नाही.

भुसावळ_जंक्शन:

@वाडामालक हे मात्र खरं बोललात. स्टेशनबाहेर झोपणाऱ्यांतले जुने गाववाले धरले, म्हणजे बाहेरून आलेले सोडून, तर त्यांच्या तोंडून एकच ऐकायला मिळतं, आधी अमुक गल्लीत खोली होती, वाडा पाडला. बाहेर आल्यानंतर त्याच माणसाला परत आत घालायला किती खटाटोप लागतो ते आम्ही बघतोय. डिपॉझिट नाही, कोणी ओळख देत नाही, आंघोळ नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून डिपॉझिट नाही.

पांझराकाठचा:

सगळ्यांचे आभार. दोन दिवसांत झालं ते सांगतो. मावशींना समजवायला वेळ लागला, त्या म्हणत होत्या कोर्टकचेरी नको, आपण भल्या घरचे लोक. मग त्यांच्याच मेसवाल्या वहिनींनी सांगितलं तेव्हा ऐकलं, माझं ऐकलं नसतं. पावत्यांचे सगळे फोटो काढलेत, काही उंदराने खाल्ल्यात पण तारखा दिसतात. नव्वद रुपयांची मनीऑर्डर करायला पोस्टात गेलो तर खिडकीवरचा माणूस हसला, कमिशन द्यायला कशाला उगीच म्हणाला, तरी केली. बाकीच्या पाचही बिऱ्हाडांना बसवून वकीलसाहेबांची पोस्ट वाचून दाखवली, त्यातल्या एकाने पन्नास हजाराचा टोकन म्हणून पाच हजार आधीच घेतलेत, तो आता गप्प आहे. ऑडिटचे पैसे वाटून घ्यायला चौघं तयार झाले.

अण्णांसाठी निवाऱ्यात जाऊन आलो. हातगाडी कंपाउंडमध्ये लावायला हो म्हणाले पण पहाटे चारला गेट उघडायचं म्हणजे वॉचमनशी बोलावं लागेल. अण्णा म्हणतात बघू. रात्री ब्लँकेट दिलं ते घेतलं.

वकीलसाहेब दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. अण्णांनी सही केली ती संपली का आता पूर्ण? आणि ज्याने पाच हजार घेतलेत त्याने काय करावं?

गिरणेचा_वकील:

अण्णांचं अवघड आहे, उगाच आशा दाखवत नाही. सही केली, पैसे घेतले, किल्ली दिली, ताबा गेला. फसवून किंवा न वाचून दाखवता सही घेतली असेल आणि पैसे ठरल्यापेक्षा कमी दिले असतील तर काही करता येईल का ते कागद बघून सांगता येईल, म्हणून कागदाची कॉपी मालकाकडून मागा, किंवा विधी सेवाच्या वकिलामार्फत पत्र देऊन मागा. खोलीचं अजून काही पाडलं नसेल तर लवकर करा. पण या आशेवर अण्णांना स्टँडवर थांबवू नका, निवाऱ्याचं आणि पेन्शनचं आधी करा.

पाच हजारवाला अजून खोलीत राहतोय ना? मग त्याने ताबा सोडलेला नाही. तोंडी घेतलेत की कागदावर ते बघा. पैसे बँकेतून परत करा आणि पत्रात लिहा की मी भाडेकरू म्हणून राहतोय आणि राहणार आहे. रोख हातात देऊ नका, मालक म्हणेल मिळालेच नाहीत.

आणि त्या पावत्यांचे नुसते फोटो पुरत नाहीत, दोन सेट झेरॉक्स काढा. मूळ पावत्या कोणालाच द्यायच्या नाहीत, मालकाच्या माणसाने "बघायला द्या" म्हटलं तरी नाही आणि वकिलाने मागितल्या तरी नाही, कोर्टात दाखल करायच्या दिवशी मावशी स्वतः हातात घेऊन येतील.